वीतभर जुना रंग

नाही नाही, ड्रायव्हरच्या कॅबकडं आत्ताच नको — आधी बसा इथं डब्यात, ह्या टेबलापाशी, ह्या खिडकीला निदान काच आहे, बाकीच्यांना प्लास्टिक लावलंय. कॅब कुठं पळून चाललीय? सत्तावन्न सालची रेल्वेगाडी, तिला जेवढं पळायचं तेवढं ती पळून आलीय. चहा घ्या. घ्या हो, मुलीनं घरून दिलाय, आलं घालून. मला काय माहीत तुम्ही मराठी निघाल ते — इथल्या चेअरमननं काल मेसेज केला, मुलीनं वाचून दाखवला, की लायडनच्या विद्यापीठातून रंग तपासणाऱ्या बाई येतायत, दहा वाजता गेट उघड, आम्ही सगळे सामान आणायला बाहेरगावी, दुपारी येतो. मी सकाळपासून इंग्रजी घोकत उभा — गुड मॉर्निंग मॅडम, प्लीज माइंड युवर हेड — आणि तुम्ही गेटपाशी फोनवर, 'आई, नंतर करते गं.' माझं सगळं इंग्रजी तिथंच गळालं. संहिता ना? मी वासुदेव पेडणेकर. इथं वासू म्हणतात, त्यांना पुढचं जमत नाही. काय? तू म्हणू? बरं, तू. माझी ऋजुता तुझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल.

ती बॅग खाली ठेव, कोणी नाही नेत. काय काय असतं गं त्यात? ब्लेड, बाटल्या — म्हणजे रंगाचा एवढासा कण काढायचा, तो भिंगाखाली उभा कापून बघायचा, की कुठल्या रंगावर कुठला रंग चढला, असंच ना? मला माहितेय थोडं. योपनं सांगितलंय. योप म्हणजे — सांगतो, सांगतो. आधी गाडी कळली पाहिजे, गाडी कळल्याशिवाय रंग काय कळणार? ही एडेलवाइस. डोंगरातल्या कुठल्याशा फुलाचं नाव आहे म्हणे. इकडच्या डच रेल्वेनं आणि स्वित्झर्लंडच्या रेल्वेनं मिळून अशा पाच गाड्या बांधून घेतल्या — ॲमस्टरडॅमहून सकाळी निघायचं ते झुरिकला जेवायला, मधे किती देश लागतात ते तूच मोज. सगळा फर्स्ट क्लास. दुसरा वर्गच नाही. एअर कंडिशन, त्या काळात. ह्याच टेबलावर पांढरं कापड असायचं, चांदीसारखे काटे-चमचे. आणि तोंड बघितलंस ना बाहेरून? कपाळ पुढं आलेलं, गोल, ड्रायव्हर त्याच्या मागं वर बसणार — वारा कापत जायला असं केलेलं, पण मला विचारशील तर नुसतं दिसायला केलं असतं तरी चाललं असतं. अंगाला लाल आणि साईसारखा पांढरा रंग. तो लाल मी डोळे मिटून सांगतो तुला, तसा लाल आमच्याकडं कधी आला नाही डब्यात.

मग काय झालं? व्हायचं तेच. एक गाडी एकाहत्तर साली जर्मनीत रुळावरून गेली, माणसं गेली. उरलेल्या चार — विजेच्या गाड्या आल्या, ह्या डिझेलच्या, कोणाला नकोशा झाल्या. विकल्या कॅनडाला. विचार कर, इथली नाजूक बाई आणि तिला तिथल्या बर्फात धाडली. इंजिनांनी हात टेकले तिथल्या थंडीपुढं. ती मोडीत काढली. डबे तेवढे राहिले, दुसऱ्या इंजिनामागं फिरले, मग तेही उभे राहून गंजले, आणि मग इकडच्या वेड्या माणसांनी वर्गणी काढून ते जहाजात घालून परत आणले. म्हणून ह्या गाडीला तोंड आहे, इंजिन नाही. अशा गाडीला इंजिन एकाच टोकाला, दुसऱ्या टोकाला नुसती ड्रायव्हरची कॅब — ती कॅब आपल्याकडं आहे. तीच बघायला आलीयस तू. हो, जाऊ या, जाऊ या. कप तर संपव.

मी कसा इथं? अगं मी रंगारीच. माटुंगा वर्कशॉप, पेंट शॉप, चौतीस वर्षं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे डबे यायचे आमच्याकडं, पत्रा उघडा करायचा, लांबी म्हणजे पुटी भरायची, घासायचा पेपर मारायचा, अस्तर, मग रंगाचे दोन हात. फर्स्ट एसीचा डबा किती वेळा रंगवला, बसलो कधीच नाही. रिटायर झालो, बायको गेली तीन वर्षांपूर्वी — सरला — आणि ऋजुता म्हणाली, बाबा, इकडं या. या म्हणजे किती? नव्वद दिवस. त्याच्यावर एक दिवस राहायचं नाही, सहा महिन्यांत नव्वद. ऑगस्टमधे येतो, नोव्हेंबरात जातो. ती आणि जावई सकाळी झुइडासला, तिथल्या काचेच्या इमारतींत, ते संध्याकाळी सातला उगवतात. नात शाळेत. ईशानी. मी मराठीत विचारतो, ती डचमधे उत्तर देते, मला ओपा म्हणते — आजोबा म्हण म्हटलं तर हसते. प्रेमळ आहे, पण बोलायचं काय? घरात बसून मी रेडिएटर दोनदा रंगवला. तेव्हा ऋजुतानं कुठून तरी ही जुन्या गाड्यांची शेड शोधली, बुधवार-शनिवार म्हातारे लोक येतात, फुकट काम करतात. तिनं माझ्या नावानं पत्र लिहिलं, मोठं इंग्रजीत, की माझे वडील असे असे कारागीर. पहिल्या दिवशी मला वाटलं सगळे माझा ब्रश बघतायत. बघतच होते. मी एक दार करून दाखवलं. त्यानंतर कोणी बघितलं नाही, नुसतं आणून द्यायचे.

आणि योप. योप त्र्याऐंशीचा. तरुणपणी ह्याच गाडीचा फिटर, डेपोत. रोज हिच्या पोटाखाली, पण प्रवास? एकदाही नाही. डेपोतून प्लॅटफॉर्मपर्यंत काय ते कॅबमधे उभा राहून आलेला. मी माझं सांगितलं, फर्स्ट एसीचं, तेव्हा इतका हसला, इतका हसला, की खोकला लागला त्याला. सांगितलं म्हणजे कसं, विचारशील — हातांनी. आणि फोननी. तो फोनमधे डचमधे बोलायचा आणि फोनमधली बाई मराठीत सांगायची, पुस्तकातलं मराठी, 'कृपया मला तो पाना प्रदान करा.' दोन वर्षं आम्ही असे बोललो. मला माटुंग्यात चौतीस वर्षांत जेवढे मित्र झाले नाहीत — जाऊ दे. तो गेल्या जानेवारीपासून येत नाही. येऊ देत नाहीत. म्हणून शेड अशी गप्प वाटते तुला.

हो, त्या भिंतीमुळंच. तुला सांगितलेलं दिसतंय सगळं चेअरमननं. तर कॅबमधे, ड्रायव्हरच्या सीटमागं, दाराच्या बाजूला एक वीतभर भिंत होती — होती म्हणजे आहे, भिंत कुठं जातेय — तिथं सत्तावन्नपासूनचा एकेक रंग एकावर एक तसाच होता. बाकी सगळी गाडी कॅनडात खरवडली, पुन्हा इथं खरवडली. ती वीतभर जागा तेवढी कोणाच्या हाती लागली नव्हती. योपनंच शोधली ती, अकरा वर्षांपूर्वी, आणि भोवती पेन्सिलनं चौकट काढली, आणि म्हणाला हिला हात लावायचा नाही — आतून कॅब पहिल्या दिवशी कुठल्या रंगाची होती, ते आता फक्त हिलाच माहीत. पोपडे आलेले गं, कोपरा पार सुटलेला, करडा-हिरवट काहीतरी. आणि ती कोणी तरी घासून काढली. पार पत्र्यापर्यंत. वर नवा रंग. म्हणजे योपनं. असं म्हणतात. किल्लीच्या वहीत त्या दिवशी त्याची सही, शेडमधे दुसरं कोणी नाही, आणि त्याचं डोकं त्या आधीपासूनच जरा — पाना हातात घेऊन पाना शोधायचा. विचारलं त्याला. तो म्हणाला, हो, मीच केलं असणार.

काम चांगलं केलंय पण. ते कोणी म्हणत नाही. उगाच ब्रश फिरवलेला नाही — आधी एकशेवीसचा पेपर, मग दोनशेवीसचा पाण्यातला, लांबीचा एक पातळ हात, अस्तर, मग रंग, आणि रंग नुसत्या नजरेनं जुळवलाय, पांढऱ्यात हिरवा, पिवळा आणि काळ्याचा एक थेंब. तीन महिने कोणाला कळलं नाही, फोटो काढायला माणूस आला तेव्हा कळलं की चौकट कुठाय. फिटरला नाही येत असं.

कसं कळलं म्हणजे? हात फिरवला की कळतं. चौतीस वर्षं — असं काय बघतेस? काळ्याचा थेंब, हो, ते हात फिरवून नाही कळत. बरोबर आहे. हुशार आहेस.

थांब. तू काय म्हणालीस आत्ता? अकरा वाजता कोण येतंय? योप? इथं? कशाला पण — त्याला कशाला बोलावलंस तू, तो आजारी माणूस. काय वापरलं ते विचारायला? कुठला पेपर, कुठलं सॉल्व्हंट, म्हणजे खाली एखादा कण शिल्लक असेल तर कुठं शोधायचा ते — अगं तो काय सांगणार? त्याला काय माहीत? तू विचारशील आणि तो तोंडाकडं बघत बसेल, आणि मग त्याला वाटेल की आणखी एक गोष्ट गेली डोक्यातून. आणि तू ते लिहिणार अहवालात? नाव, तारीख, पद्धत. आणि मग कमिटी बसणार पुढच्या आठवड्यात, आणि त्याचं नाव लिहिलेलं असलं की त्याला शेड कायमची बंद, विम्यासाठी. हे मला चेअरमननं सांगितलंय. नाव नसेल तर बुधवारी कोणाबरोबर तरी येऊ देतील. त्याची बायको हेच मागतेय, नुसतं येऊन बसू द्या म्हणते, घरी तो खिडकीपाशी उभा राहतो, बुधवारी डबा भरून. किती वाजले? वीस मिनिटं आहेत. हं.

मी केलं. झालं? मी केलं ते. पेन खाली ठेव जरा, आत्ता लिहू नकोस, ऐक आधी. गेल्या वर्षीची एक ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी. आता तुला सांगायला नको खंडेनवमी — नाशिकची ना तू? मग तुमच्याकडं पण करत असतील. आमच्या वर्कशॉपमधे म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. मशीन धुवायचं, स्प्रे-गन उघडून रॉकेलनं साफ, ब्रश नवे असल्यासारखे, माळा, नारळ, साहेब स्वतः यायचे. आणि पेंट शॉपचा नियम असा की त्या दिवशी आपल्या नजरेच्या टप्प्यात पोपडा दिसला नाही पाहिजे. आमचा फोरमन बोट फिरवत जायचा. चौतीस खंडेनवम्या मी तसा एकही पोपडा ठेवला नाही. मग इथं मी एकटाच. सकाळी योप आला, वहीत सही केली, किल्ली घेतली, मला दार उघडून दिलं, आणि त्याला डॉक्टरकडं जायचं होतं, तो किल्ली माझ्या हातात ठेवून गेला. बाकी कोणी नाही, पाऊस होता, मी आलोय हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी सुपरमार्केटमधून शेवंतीची कुंडी आणलेली, तिची फुलं तोडून दोऱ्यात ओवली. पाने, ब्रश मांडले टेबलावर — ह्याच टेबलावर. हळदकुंकू ऋजुताच्या देवघरातून पुडीत. आणि मग माळ घेऊन कॅबमधे चढलो, म्हटलं गाडीला घालू, तिच्या तोंडाशी, आणि बघतो तर समोर ते. तो पोपडा. सणाच्या दिवशी. मला कळलंच नाही की ती जागा अशी मुद्दाम ठेवलीय. आपल्याला काय डच येतं? मला वाटलं राहून गेलेली जागा. मी म्हटलं योपला खूश करू, परत येईल तेव्हा —

नाही. खोटं बोललो. तुझ्याकडं बघून नाही जमत, तू मान हलवतेस आणि मला वाटतं तू विश्वास ठेवतेयस. मला माहीत होतं. पहिल्याच वर्षी त्यानं मला वर नेलं होतं, त्या चौकटीसमोर उभं केलं, फोन तोंडाशी धरला, बोलला, आणि फोनमधली बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, 'ह्या भागाला कृपया कधीही स्पर्श करू नये.' वर आणखी त्यानं माझा हात धरून मागं घेतला, लहान मुलाचा घेतात तसा. आता कळलं? सगळं कळलं होतं मला. कळलं होतं आणि पटलं नव्हतं. रंगाऱ्याला सांगायचं की हा पोपडा आहे तो राहू दे — दोन वर्षं मी त्या कॅबमधे चढलो की मान दुसरीकडं करायचो. मला लाज वाटायची गं, कोणी बाहेरचा आला आणि त्याला वाटलं की हे वासूचं काम, तर? आणि त्या दिवशी एकटा होतो, सण होता, सरला नव्हती फोन करायला, ऋजुताला खंडेनवमी म्हटलं तर ती म्हणाली, 'आज आहे का?', आणि हातात पेपर होता. माझ्या मनात आलं — ह्यांना काय कळतंय, मी ह्यांना दाखवतो. हे शब्द आले मनात. दाखवतो. पाच तास लागले, तीन हात, मधे हीटर लावून वाळवलं. एवढं सुंदर काम मी रिटायर झाल्यापासून केलं नव्हतं. माळ घातली, नारळ नव्हता, सफरचंद ठेवलं, हात जोडले. मला खरंच वाटलं गाडी बरी दिसतेय.

शनिवारी योप आला, वर चढला. मी खाली उभा. म्हटलं ओरडेल, नाही तर खांद्यावर थाप मारेल. तो तिथं भिंतीवर हात ठेवून उभा राहिला, खूप वेळ. मग खाली आला, कॉफी ओतली दोन कप, माझ्यासमोर एक ठेवला.  फोन काढलाच नाही. मग मी नोव्हेंबरात गेलो, विमानाच्या आदल्या दिवशी त्यानं मला मिठी मारली, नेहमीसारखी. आणि फेब्रुवारीत ऋजुतानं व्हॉट्सॲपवर वाचून फोनवर सांगितलं की योपनं कॅब खराब केली, त्याची किल्ली काढून घेतली. मी अंबरनाथला, गॅलरीत, फोन कानाला. मी काय म्हणालो माहितेय? मी म्हणालो, अरेरे. तिला त्याच रात्री सांगितलं सगळं. ती म्हणाली, बाबा, आता कशाला, त्यांचं वय झालंय, त्यांना तसंही थांबवणारच होते, तुमच्या व्हिसाचं काही लफडं व्हायचं. व्हिसाचं काय लफडं होणार रंगाचं? काही होत नाही. तिलाही माहितेय, मलाही. पण बरं वाटलं ऐकून. आणि मी मनाशी धरलं की योपला ठाऊक आहे, त्यानं पाहिलं, ओळखलं — माझा हात तो नाही ओळखणार? — आणि माझ्यासाठी अंगावर घेतलं. मोठ्या मनाचा आहे तो. आता मी बोललो तर त्याच्या मनाचा अपमान. असं सात महिने मी स्वतःला समजावलं. चांगलं समजावता येतं गं स्वतःला, वेळ भरपूर असला की.

तू काय म्हणतेस, त्यानं खरंच अंगावर घेतलं की विसरला? मलाही तेच कळायला पाहिजे. त्याच्या बायकोनं ऋजुताला सांगितलं की रात्री उठून बसतो, म्हणतो अकरा वर्षं सांभाळली आणि मीच कशी पुसली. हे मित्रासाठी अंगावर घेणाऱ्याचं लक्षण नाही. हे मी ह्या ऑगस्टात ऐकलं, आल्या आल्या. आणि तरी चार शनिवार मी इथं येऊन चेअरमनसमोर ब्रश धुतलेत. त्याच्या घरी गेलो नाही एकदाही. सायकलनं पंधरा मिनिटं आहे.

मोटार वाजली ना? बघ, तोच. त्याची मुलगी सोडायला आलीय, तिनं हात केला, गेली. त्यानं ओव्हरऑल घातलाय बघ, बटणं चुकलीत. थांब, पायरी उंच आहे, त्याला मी धरतो — ये, योप, ये. हळू. हं. बस इथं. ओळखलं मला, बघितलंस, वासू म्हणाला. वजन किती कमी झालंय ह्याचं.

सांग त्याला. आत्ता लगेच, तुझे प्रश्न राहू देत, आधी हे. तुला डच येतं ना, मग फोन नको. सांग की ती भिंत वासूनं घासली. किल्ली तुझी होती, हात माझे होते. मला माहीत होतं की हात लावायचा नाही, तरी लावला. आणि तुझं नाव आलं तेव्हा मी गप्प बसलो. सगळं सांग, मऊ करू नकोस. — सांगितलंस? सगळं? मग तो हसतोय कशाला? माझा हात का थोपटतोय? काय म्हणाला? मी चांगला मित्र आहे म्हणे? त्याला वाचवायला खोटं बोलतोय म्हणे? नाही गं, तू नीट सांग, पुन्हा सांग, हळू सांग. एकच विचार त्याला — त्या शनिवारी तू वर चढून भिंतीवर हात ठेवलास, तेव्हा तुला कळलं होतं का, की हे मी केलंय? एवढंच. हो की नाही एवढंच सांगू दे.

काय म्हणतो? आठवतंय? काय आठवतंय त्याला? स्वतःच्या हातानं घासलं ते. पेपर मारताना डोळ्यांत धूळ गेली ते. आणि मी? मी कुठं होतो म्हणे त्या दिवशी? खाली होतो. चहा करत होतो. आणि हे आता काय म्हणतोय, डोळे पुसत? माफी? कोणाची, माझी? मी एवढ्या मायेनं गाडी रंगवत होतो आणि त्यानं सगळ्याचा विचका केला, म्हणून.

बास. नको, पुन्हा नको सांगू. एवढं एक त्याला नीट आठवतंय, ते पण खोटं आहे म्हणून सांगायचं का त्याला? दे इकडं तो कागद. कुठल्या रकान्यात? मी लिहितो, माझ्या हातानं. वासुदेव गणेश पेडणेकर. एक ऑक्टोबर. पेपर एकशेवीस, मग दोनशेवीस, पाण्यातला. खाली तू त्यांच्या भाषेत लिही, आणि त्याच्यासमोर मोठ्यानं वाचू नकोस. हो, माहितेय मला, मला आता इथं पाय ठेवू देणार नाहीत. त्याला देतील ना, बुधवारी? तेवढं त्या कमिटीला विचार, तू विचारलंस तर ऐकतील. चौकटीच्या डाव्या हाताला, दाराच्या पट्टीच्या खाली, मी पेपर नीट मारला नव्हता, तिथं कण मिळाला तर मिळेल. जा आता. शिडी उजवीकडं आहे. नाही, मला काही विचारायचं नाही त्याला, त्यालाही मला नाही. जा तू, आमच्या दोघांत आता दुभाषी नको.